पांढऱ्या आमरीचे कंद हलवावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. घाटमाथ्यावरच्या एका गावाशेजारी, गवताळ उतारावर मोठ्या पांढऱ्या फुलांची, जमिनीत वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड आहे. गेल्या पावसाळ्यात तेवीस रोपं मोजली होती, यंदा नऊच दिसली. वरच्या सपाटीवर प्लॉट पडायची चिन्हं आहेत. अशा वेळी कंद खणून जवळच्या देवराईत लावावेत का, जागेला कुंपण घालावं का, आणि लोकांना जाग यावी म्हणून फोटो ठिकाणासकट जाहीर करावेत का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. कंद आत्ता अजिबात हलवू नका. फुलावर असताना तर हातही लावू नका. तुमची तळमळ समजते, पण जमिनीतल्या ऑर्किडची सुटका करायला गेलेल्या माणसांनीच ती संपवल्याची उदाहरणं कमी नाहीत. या वनस्पतीचा फार थोडा भाग आपल्याला दिसतो. उरलेला मातीत, बुरशीत आणि रात्रीच्या हवेत असतो. तो भाग पिशवीत भरून नेता येत नाही.

आता ओळख पटवू. ओठपाकळीच्या तीन पाळ्या, बाजूच्या पाळ्यांच्या कडा झालरीसारख्या चिरलेल्या, दांडीवर मोजकीच पण भलीमोठी फुलं, मागे अंडाशयापेक्षाही लांब लोंबणारी शुंडिका (मधाची पोकळ नळी) आणि दिवस मावळताना वाढत जाणारा सुगंध, एवढ्या वर्णनावरून ही पेक्टेलिस जायगँटिया वाटते. हिमालयात आणि सह्याद्रीत, दोन्हीकडे ती सापडते. आपल्याकडे मात्र तुरळक, एखाद्या उतारावर मूठभर रोपं अशीच. फक्त लांब शुंडिकेवरून निष्कर्ष काढू नका. हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाची फुलंही पांढरी असतात आणि शुंडिकाही लांबलचक असते. पण तिच्या पाळ्यांना झालर नसते, फुलं लहान असतात आणि पानं बुडाशी गोळा झालेली असतात. पेक्टेलिसची पानं दांड्यावर वरपर्यंत चढत जातात. फूल न तोडता समोरून, बाजूनं, शुंडिकेसकट आणि पानांचा असे चार फोटो काढून जवळच्या विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्र विभागात दाखवा. खात्री होईपर्यंत 'दुर्मिळ' हा शब्द कुठेही लिहू नका. पुढे सरकारी कागदात तो वापरायचा आहे. तिथे ओळख चुकली तर बाकी खरी माहितीही कुणी ऐकून घेत नाही.

तेवीसवरून नऊ, या आकड्यानं तुम्ही घाबरलात. मी एवढ्यावरून घाबरणार नाही. जमिनीतल्या ऑर्किडमध्ये एक सवय सर्रास आढळते: पूर्ण वाढलेलं, धडधाकट रोप एखाद्या वर्षी वर येतच नाही. कंद जमिनीखाली जिवंत असतो, बुरशीच्या आधारानं तग धरतो आणि एक, दोन, कधी त्याहून जास्त पावसाळे गाळून पुन्हा फुटतो. शिवाय काही रोपं नुसती पानं काढतात आणि फुलत नाहीत. फुलाशिवायचं रोप जुलैच्या गवतात शोधणं जाणकारालाही जड जातं. म्हणजे तुम्ही मोजलीत ती फुलं, वसाहत नव्हे. दोन वर्षांच्या दोन आकड्यांतून संख्या खरंच घटतेय की नुसती खालीवर होतेय, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मोजायचंच तर नीट मोजा. प्रत्येक रोपापासून ठरलेल्या दिशेला, ठरलेल्या अंतरावर एक न गंजणारा खिळा आणि त्याला ॲल्युमिनियमची नंबरपट्टी. पट्टी मातीत थोडी दाबलेली असावी, नाहीतर गुरं किंवा कुतूहल असलेली मुलं ती उपटतात. दोन पक्के दगड निवडून तिथून टेपनं अंतरं घेतलीत तर पुढच्या वर्षी रोप वर आलं नाही तरी त्याची जागा सापडते. दर रोपामागे पानं किती, सर्वांत मोठ्या पानाची लांबी-रुंदी, फुलं किती, पुढे बोंडं किती धरली आणि पानं कुणी कुरतडली का, एवढंच लिहा. एका पावसाळ्यात तीन फेऱ्या पुरतात. पानं दिसू लागल्यावर, फुलोऱ्यात आणि बोंडं पिकायच्या थोडं आधी. कंटाळवाणं काम आहे, पण निदान पाच वर्षं झाल्याशिवाय या नोंदींना अर्थ येत नाही.

आता कंदाकडे. एखादं रोप उपटून पाहिलंत (पाहू नका, मी सांगतो) तर खाली दोन कंद दिसतील. एक सुरकुतलेला, गेल्या वर्षीचा, ज्याच्या जिवावर यंदाचं खोड उभं राहिलं. दुसरा पांढुरका, कोवळा, यंदाच्या पानांनी कमावलेलं साठवणारा आणि पुढच्या वर्षाचं रोप देणारा. फुलाच्या वेळी जुना रिकामा होत आलेला असतो आणि नवा अजून भरलेला नसतो. म्हणजे रोप डोळ्यांत भरतं, माणसाला ते वाचवावंसं वाटतं, तोच त्याच्यासाठी सर्वांत वाईट महिना. अशा वेळी हलवलेलं रोप चार दिवस ताजं दिसतं, नवा कंद अर्धवट राहतो आणि पुढच्या जूनमध्ये तिथे काहीच उगवत नाही. हलवणाऱ्यानं तोवर यशाचा फोटो टाकून झालेला असतो.

पण कंद जगला तरी वसाहत जगत नाही, आणि तुमच्या प्रश्नातला खरा गुंता इथेच आहे. ऑर्किडच्या बियांत अन्नाचा साठा नसतो. धान्याच्या दाण्यात रोपाची पहिली शिदोरी असते, तशी इथे काहीच नसते. नुसता काही पेशींचा गर्भ आणि त्याभोवती जाळीदार पापुद्रा. कुळातली सर्वांत हलकी बी एका ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागापेक्षाही हलकी असते. एका बोंडात अशा हजारो, काही जातींत लाखो बिया असतात आणि वारा त्या कुठेही नेतो. त्यांतली जी अशा मातीत पडेल जिथे योग्य बुरशी आहे, तीच रुजते. बुरशीचे तंतू बीत शिरतात, बी ते तंतू पचवून साखर आणि क्षार मिळवते आणि हिरवं पान येईपर्यंतचा काळ अंधारात असाच काढते. १८९९ मध्ये फ्रान्समध्ये नोएल बर्नार्डनं हे प्रथम उलगडलं. तोवर ऑर्किड बीपासून का येत नाही याचं कोडं बागाईतदारांना सुटलेलं नव्हतं. या बुरश्या बहुधा तुलास्नेला, सेराटोबेसिडियम आणि त्यांच्या नात्यातल्या असतात. एरवी त्या मातीतला पालापाचोळा कुजवून जगतात. त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. एकाच उतारावर एका टप्प्यात भरपूर आणि दहा पावलांवर अजिबात नाही, असंही असतं.

म्हणून देवराईचा बेत मला पटत नाही. देवराई पवित्र आहे, तिथे कुऱ्हाड चालत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण ही आमरी उघड्या गवतातली आहे. देवराईतली दाट सावली, पानांचा जाड थर, वेगळी ओल आणि वेगळी बुरशी तिला मानवणार नाही. वरून कंद काही वर्षं पानं काढत राहतील आणि आपण वाचवल्याचं समाधानही मिळेल. पण नवं रोप एकही येणार नाही. जुनी रोपं म्हातारी होऊन गेली की प्रकरण संपलं.

एखाद्या जागी बी रुजू शकते का हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. हाने रासमुसेन आणि डेनिस व्हिगम यांनी ती १९९३ मध्ये मांडली. बारीक नायलॉन जाळीच्या चपट्या पाकिटात चिमूटभर बी घालून ती जमिनीत पुरायची, दोऱ्याचं टोक वर ठेवायचं आणि काही महिन्यांनी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. जाळीतून बुरशीचे तंतू आत जातात, बी बाहेर सांडत नाही. तुमच्या उतारावर, वरच्या सपाटीवर आणि देवराईच्या उजेडाच्या कडेला अशी पाकिटं पुरलीत तर वादावादीपेक्षा जास्त कळेल. जवळच्या महाविद्यालयातले विद्यार्थी हे प्रकल्प म्हणून आनंदानं करतील.

परागीकरणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्लॉटिंगचा पहिला फटका बहुधा तिथेच बसेल. पांढरं फूल, रात्रीचा वास, खोल शुंडिकेच्या तळाशी मध. ही सगळी मांडणी लांब सोंडेच्या हॉकमॉथ पतंगांसाठीची आहे. पतंग मधासाठी तोंड आत खुपसतो तेव्हा चिकट चकतीसकट परागपुंज, म्हणजे परागकणांचा गोळा, त्याला चिकटतो आणि पुढच्या फुलावर पोचतो. पण नेमका कोणता पतंग, हे फुलाच्या आकारावरून ठरवू नका. फ्लोरिडातल्या घोस्ट ऑर्किडच्या बाबतीत वर्षानुवर्षं एका मोठ्या स्फिंक्स पतंगाचं नाव घेतलं जात होतं. कॅमेरे लावल्यावर, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परागपुंज भलत्याच पतंगाच्या डोक्यावर दिसले. अंजिराच्या जातीच्या झाडांवर वाढणारा तो फिग स्फिंक्स. तुम्हीही फुलासमोर हालचालीवर चालणारा कॅमेरा चार-सहा रात्री ठेवा, प्रकाश मात्र इन्फ्रारेड हवा.

या पतंगांची अळी आमरीवर वाढत नाही. आपल्याकडच्या ॲग्रियस कन्व्हॉल्व्हुली या मोठ्या हॉकमॉथची अळी गारवेल, रताळी अशा वेलांवर वाढते, म्हणजे गावाच्या बांधांवर आणि कुंपणांवर. तणनाशक मारून बांध साफ केले की त्याचा परिणाम वरच्या उतारावर बोंडं न धरण्यात दिसू शकतो आणि कारण कुणाच्या ध्यानातही येत नाही. दुसरं म्हणजे दिवे. सपाटीवर बंगले किंवा रिसॉर्ट झालं की पांढरे झगझगीत फ्लडलाइट येतात आणि पतंग फुलं सोडून दिव्याभोवती घिरट्या घालत बसतात. बांधकाम थांबवणं हातात नसेल, तर निदान उताराकडे तोंड करून दिवे नकोत, जे असतील ते खाली वळलेले आणि पिवळसर हवेत, एवढी अट तरी पावसाळ्यापुरती घालून घेता येते. बिल्डरही एवढ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

कुंपणाचं काय? गुरं दांडे खातात हे खरं, फुलोऱ्यात एक गाय अख्खी वसाहत दहा मिनिटांत बोडकी करू शकते. पण चराई पूर्ण बंद केली तर उंच गवत माजतं, मग करवंद, रानमोडी शिरतात आणि ठेंगणी रोपं गुदमरतात. कासच्या पठारावर कुंपण असावं की नसावं यावर झालेला वाद मुळात याच गोष्टीचा आहे. आपल्या सड्यांवरचं, म्हणजे कातळपठारांवरचं, आणि गवताळ उतारांवरचं फुलांचं वैभव माणसाच्या आणि गुरांच्या वावरासोबतच टिकलेलं आहे. माझं मत विचाराल तर कायमचं तारेचं कुंपण नको. गुराख्यांशी बोला. अंकुर फुटल्यापासून बोंडं फुटेपर्यंत त्या तुकड्यात गुरं नकोत, नंतर खुशाल चरू देत. गवत कापायचं तर तेही बी उडून गेल्यावर. उन्हाळ्यातल्या वणव्यात कंद सहसा वाचतात, कारण ते खोल झोपलेले असतात. पण पहिल्या वळिवानंतर, कोंब वर यायला लागल्यावर लागलेली आग घात करते. गुराख्यांना हे सगळं तुमच्याआधीपासून ठाऊक असण्याची शक्यता आहे, त्यामुळे सांगायला न जाता विचारायला जा.

फोटोंबद्दल मी कडक आहे. ठिकाण जाहीर करू नका. इंग्लंडमध्ये लेडीज स्लिपर ऑर्किड हौशी संग्राहकांनी इतकं ओरबाडलं की १९१७ मध्ये ते देशातून नामशेष झाल्याचं धरलं गेलं. १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये एक रोप सापडलं आणि पुढे कित्येक दशकं ती जागा गुप्त ठेवली गेली, फुलोऱ्यात राखणही होत असे. त्यातूनच हातानं परागीकरण, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्रयोगशाळेत बीपासून रोपं आणि मग पुन्हा लागवड असा लांबचा प्रवास झाला. लावलेल्या रोपाला पहिलं फूल आलं ते २००० साली. लोकांना पाहता यावं म्हणून वेगळ्या जागी लावलेली रोपं दाखवतात, मूळ जागा नाही. ही व्यवस्था आपण उचलण्यासारखी आहे.

आपल्याकडे चोरीपेक्षा दोन धोके मोठे. एक, छायाचित्रकार. फुलाभोवतीचं गवत उपटून 'स्वच्छ' पार्श्वभूमी करतात, पोटावर झोपतात आणि त्या वजनाखाली यंदा न फुललेली चार रोपं चिरडली जातात, जी त्यांना दिसलेलीही नसतात. दोन, औषधी कीर्ती. आयुर्वेदातल्या अष्टवर्ग या आठ औषधींतल्या ऋद्धी-वृद्धी म्हणून हिमालयातल्या हबेनारियांचे कंद खणले जातात. तुमच्या आमरीच्या फोटोखाली कुणी 'आयुर्वेदात उपयुक्त' एवढं लिहिलं तरी पुरे आहे. मोबाइलच्या मूळ फोटोत अक्षांश-रेखांश नोंदलेले राहतात, तेव्हा पाठवण्याआधी ते काढा. जैवविविधतेच्या नोंदींच्या ॲपवर टाकताना ठिकाण झाकण्याची सोय वापरा.

कायदा किती कामाचा? थोडा. वन्यजीव कायद्याच्या जुन्या सहाव्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीत, जेमतेम सहा नोंदी होत्या. त्यांत ऑर्किड म्हणजे निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि पॅफिओपेडिलम, सगळी ईशान्येकडची किंवा दक्षिणेकडची. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्यांची मांडणी बदलली. सायटिस करारात सगळंच ऑर्किड कुळ आहे, पण तो करार आंतरराष्ट्रीय व्यापारापुरता. गावच्या उतारावर जेसीबी आला तर यांतलं काही उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो २००२ चा जैवविविधता कायदा. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते, पण कागदावर आहे म्हणजे बैठक बोलावता येते. लोक जैवविविधता नोंदवहीत ही जात लिहून घ्या, नेमकं ठिकाण मात्र संवेदनशील माहिती म्हणून वेगळ्या, बंद पाकिटात ठेवा.

याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार जैविक वारसा स्थळ जाहीर करू शकतं. त्यासाठी अख्खा डोंगर लागत नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची दोनेक हेक्टर जागा २०२१ मध्ये एका छोट्या माशासाठी, शिस्टुरा हिरण्यकेशीसाठी, जाहीर झाली. एका उताराची मागणी अवास्तव नाही. सोबत सातबारा काढा. अशा जागा बऱ्याचदा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लागलेल्या असतात आणि 'तिथे काहीच नाही' हे गृहीत तिथूनच सुरू होतं. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या जुलै २०२४ च्या मसुद्यातल्या यादीत गाव आहे का तेही पाहा. बिगरशेती परवानगीला हरकत घ्यायची तर ती मोजणीच्या नोंदींसह, ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञाच्या पत्रासह आणि मुदतीत घ्या.

हे चालू असताना बियांचा राखीव साठा करून ठेवा. वनखात्याची किंवा जमीनमालकाची लेखी संमती घेऊन, बोंडं पिकून फुटायच्या बेतात असताना मोजक्या बोंडांतली थोडीच बी घ्यायची. कागदी पाकिटात भरून सिलिका जेलसोबत वाळवायची आणि मग थंडीत ठेवायची. संस्थेकडे द्याल तर उत्तम, कारण बीत गर्भ आहे की नुसतीच फोलपटं, हे त्यांना तपासता येतं. पतंग कमी पडत असल्याची नोंदींतून खात्री झाली तर एखाद-दोन फुलांचं हातानं परागीकरण करता येईल. टूथपिकनं परागपुंज उचलून लांबच्या रोपाच्या कुक्षीवर टेकवायचा. पण उत्साहात सगळी फुलं फळवू नका. बोंडं पोसायला रोप कंदातून उसनं घेतं, आणि जास्त फळलेली रोपं पुढच्या वर्षी लहान निघतात किंवा फुलत नाहीत, हे बऱ्याच ऑर्किडमध्ये दिसलं आहे.

सगळे उपाय थकले आणि खोदाईची तारीखच ठरली, तरच हलवा. त्यासाठीही तयारी आत्तापासून हवी. फुलोऱ्यात फक्त खुणा, काम नोव्हेंबरनंतर, वरचा भाग वाळून कंद झोपल्यावर. कंद सुटा न काढता भोवतालच्या मातीच्या ठोकळ्यासकट, मूळ खोलीला आणि मूळ दिशेला, त्याच उंचीवरच्या तशाच गवताळ उतारावर, शक्यतो जिथे पाकिटांतली बी रुजली होती तिथे. सगळी रोपं एकाच जागी नेऊ नका. यश मोजायचं ते जगलेल्या कंदांवर नाही, तर तिथे आपोआप उगवलेल्या पहिल्या रोपावर. त्याला बरीच वर्षं लागू शकतात, हे निधी देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

शेवटी तुम्ही ओझरतं विचारलंय की एखादा कंद घरी कुंडीत जपून ठेवला तर? नको. कुंडीत तो दोन-तीन पावसाळे काढेल, पण त्याचा पराग कुठे पोचणार नाही आणि त्याची बी कुठे रुजणार नाही. त्यापेक्षा त्या जागी एक नंबरपट्टी ठोका.